चिठ्ठीवरच्या ओपिऑइड गोळ्या आणि हेरॉइनचे ओव्हरडोस: संबंध नेमका कुठे आहे?

मंदार_साथरोग

अमेरिकेतल्या ओपिऑइड साथीचा, म्हणजे मॉर्फिन-हेरॉइनसारख्या अफूच्या गटातल्या औषधांच्या व्यसनाचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: हेरॉइन घेणाऱ्या पाचांपैकी चौघांची सुरुवात डॉक्टरांच्या गोळ्यांनी झाली. आकडा हवेतून आलेला नाही. पण वाक्यातला 'डॉक्टरांच्या' हा भाग आकड्यात नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

मूळ आकडा २००२ ते २०११ या वर्षांतल्या राष्ट्रीय घरोघरी सर्वेक्षणाचा आहे. त्याचं विश्लेषण २०१३ मध्ये आलं. १२ ते ४९ वयोगटातल्या, नुकतंच हेरॉइन सुरू केलेल्या लोकांपैकी ७९.५ टक्के लोकांनी आधी वेदनाशामक ओपिऑइड *वैद्यकीय कारणाशिवाय* घेतलेलं होतं. म्हणजे स्वतःच्या नावावर चिठ्ठी नसताना, किंवा नुसत्या नशेसाठी. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर गोळ्या घेतलेला रुग्ण या ७९.५ टक्क्यांत आपोआप येत नाही.

त्याच विश्लेषणात दुसरा आकडा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. गोळ्यांचा असा गैरवापर सुरू करणाऱ्यांपैकी पुढच्या ५ वर्षांत हेरॉइनकडे गेले ते फक्त ३.६ टक्के. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत, कारण छेद वेगळे आहेत. गोळ्यांचा गैरवापर करणारे कोट्यवधी होते, हेरॉइन घेणारे लाखांत. कोट्यवधींचा लहानसा तुकडासुद्धा लाखांचा मोठा भाग व्यापतो.

तरीही 'मग संबंध किरकोळच' असं मला म्हणायचं नाही. गैरवापराचा इतिहास असलेल्यांत हेरॉइन सुरू होण्याचं प्रमाण तसा इतिहास नसलेल्यांच्या सुमारे १९ पट होतं. पिढ्यांचा फरकही बोलका आहे. उपचार केंद्रांत आलेल्या हेरॉइनग्रस्तांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९६० च्या दशकात सुरुवात केलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांचं पहिलं ओपिऑइड हेरॉइनच होतं. २००० नंतर सुरुवात केलेल्यांत चित्र उलटलं: ७५ टक्के लोकांचं पहिलं ओपिऑइड गोळी होतं.

आता मृत्यू. हेरॉइनची नोंद असलेले ओव्हरडोस मृत्यू २०१० मध्ये ३,०३६ होते. २०१२ मध्ये ५,९२५, २०१४ मध्ये १०,५७४, २०१७ मध्ये १५,४८२. सात वर्षांत पाचपट. आणि २०१२ हेच चिठ्ठ्यांच्या शिखराचं वर्ष: २५.५ कोटी चिठ्ठ्या, दर १०० माणसांमागे ८१. त्यानंतर चिठ्ठ्या उतरत गेल्या आणि मृत्यू चढत गेले. साखळी 'जास्त गोळ्या म्हणजे जास्त हेरॉइन' इतकी सरळ असती तर असं झालं नसतं. या उलट्या चालीवर इथल्या जाणकारांनी लिहावं.

---

रसशाळा

२०१० हे वर्ष सोडून या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही.

ऑक्सिकाँटिन या वेदनाशामक गोळीला एफडीएची (अमेरिकेची औषध-नियामक संस्था) मान्यता डिसेंबर १९९५ मध्ये मिळाली, पर्ड्यू फार्माने ते १९९६ मध्ये बाजारात आणलं. आतलं औषध ऑक्सिकोडोन, जुनंच. नवं होतं ते १२ तास सावकाश सुटण्याचं तंत्र. सावकाश सोडायचं म्हणजे एका गोळीत भरपूर औषध भरावं लागतं, आणि हे आवरण मोडलं की १२ तासांचा साठा एकदम मोकळा होतो. ८० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे सुमारे १२० मिलिग्रॅम मॉर्फिन. एवढा साठा एका गोळीत असल्यावर तिचा काळाबाजार उभा राहिला, त्यात नवल नाही.

ऑगस्ट २०१० मध्ये गोळीची घडण बदलली. नवी गोळी फोडली तर पूड होत नाही, पाण्यात गेली की चिकट गोळा होतो. हेतू चांगला होता आणि गोळीचा गैरवापर खरोखर कमीही झाला. पण ज्यांना व्यसन लागून चुकलं होतं त्यांच्या मेंदूतली गरज त्या दिवशी संपली नाही. नव्या गोळीवर त्यांना भागवता येईना, आणि हेरॉइन स्वस्त होतं व सहज मिळत होतं.

हा नुसता तर्क नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी राज्यवार आकडे तपासले. २०१० पूर्वी ज्या राज्यांत ऑक्सिकाँटिनचा गैरवापर जास्त होता तिथेच नंतर हेरॉइनचे मृत्यू जास्त वेगाने वाढले. दुसऱ्या गटाचा निष्कर्ष जास्त कठोर आहे: गोळ्यांमुळे होणारा जो मृत्यू टळला त्याच्या जागी हेरॉइनचा मृत्यू आला, एकूण बेरीज खाली आली नाही.

---

अनुज्ञा

रसशाळा, तुमची मांडणी पटते, पण सगळं ओझं एका गोळीच्या आवरणावर टाकू नये. त्याच सुमारास फ्लोरिडाने रोखीत गोळ्या वाटणाऱ्या 'पेन क्लिनिक'वर कायद्याचा बडगा उगारला. राज्याराज्यांत चिठ्ठ्यांच्या नोंदवह्या ऑनलाइन आल्या. पुरवठ्याची बाजूही होतीच. हेरॉइन मोठ्या शहरांच्या ठरावीक वस्त्यांबाहेर, लहान गावांत पोचायला २०१० च्या आधीच सुरुवात झाली होती. हे तिन्ही प्रवाह एकत्र आले.

आणि आवरण बदललंच नसतं तर? दरवर्षी नवी तरुण मुलं त्याच गोळीपासून सुरुवात करत राहिली असती. बदल चुकीचा नव्हता. चूक ही की त्याच आठवड्यात उपचाराची दारं उघडली नाहीत. तेव्हा ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइड व्यसनावरचं औषध लिहून द्यायला डॉक्टरला वेगळा परवाना लागायचा आणि एका वेळी किती रुग्ण घ्यायचे यावर मर्यादा होती. ऑक्सिकोडोन लिहायला मात्र असा कुठलाही वेगळा परवाना नव्हता. ती अट जायला डिसेंबर २०२२ उजाडला.

---

विषविश्लेषक

मंदार, आकड्यांवर एक सावधगिरीची सूचना, कारण मृत्यूच्या दाखल्यावर औषध कसं चढतं हे बहुतेक लेखांत येतच नाही.

ओव्हरडोसच्या मृत्यूला आयसीडी-१० या आजार-मृत्यूंच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातले संकेत लागतात. टी४०.१ म्हणजे हेरॉइन. टी४०.२ म्हणजे मॉर्फिन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन वगैरे. टी४०.३ मेथाडोन, व्यसनाच्या उपचारातही वापरलं जाणारं ओपिऑइड. टी४०.४ म्हणजे मेथाडोन सोडून बाकीचे कृत्रिम ओपिऑइड, यात अतिशय तीव्र फेंटानिलही येतं आणि सौम्य ट्रामाडॉलही.

पहिली अडचण: हेरॉइन रक्तात काही मिनिटंच टिकतं. त्याचं ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन होतं आणि तेही लवकरच मॉर्फिनमध्ये बदलतं. माणूस दोन-तीन तास बेशुद्ध राहून गेला तर रक्तात फक्त मॉर्फिन सापडू शकतं. तेवढ्यावर दाखला लिहिला की मृत्यू टी४०.२ मध्ये, म्हणजे 'गोळ्यां'च्या खात्यात जातो. म्हणून लघवी आणि डोळ्यातला द्रव तपासायचा. ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन तिथे जास्त वेळ सापडतं. रस्त्यावरच्या हेरॉइनमध्ये ॲसिटिलकोडीनची भेसळ असते, त्यामुळे थोडं कोडीन आणि त्याहून बरंच जास्त मॉर्फिन असं प्रमाण दिसलं तर संशय हेरॉइनकडे वळतो. घटनास्थळी सुई, पुडी होती का हे तपास अधिकाऱ्याने लिहिलंच पाहिजे.

दुसरी अडचण टी४०.४ ची. बेकायदा बनवलेलं फेंटानिल आणि दवाखान्यातलं फेंटानिल एकाच संकेतात येतात. जुन्या पद्धतीने मोजलं तर २०१६ मध्ये 'प्रिस्क्रिप्शन ओपिऑइड'चे मृत्यू ३२,४४५ येतात. टी४०.४ वगळलं की तोच आकडा १७,०८७ होतो. जवळजवळ निम्मा! एकाच वर्षाबद्दल दोन लेखांत दोन आकडे दिसले तर कुणी खोटं बोलतंय असं समजू नका, आधी मोजणी कशी केली ते पाहा.

शिवाय २०१४ मध्ये सुमारे १९ टक्के ओव्हरडोस दाखल्यांवर कोणतं औषध हे लिहिलेलंच नव्हतं. २०१७ पर्यंत ते १२ टक्क्यांवर आलं. म्हणजे वाढीचा थोडा भाग चांगल्या नोंदीमुळेही आहे. थोडाच, पाचपट वाढ त्याने पुसली जात नाही.

---

चाफा

सगळं वाचतेय, फार उपयुक्त धागा. एक साधा प्रश्न. डॉक्टरांनी दिलेली गोळी सांगितली तशीच घेणाऱ्याला धोका किती? आणि गोळ्यांची सवय असलेला माणूस हेरॉइनने का दगावतो? त्याच्या शरीराला तर ओपिऑइडची सवय असते ना?

---

औषधवाला

चाफा, दोन्ही प्रश्न मुद्द्याचे आहेत. आधी पहिला.

वेगवेगळी ओपिऑइड एका मापात आणायला मॉर्फिन-समतुल्य मिलिग्रॅम वापरतात. दिवसभराच्या एकूण मिलिग्रॅमला गुणक लावायचा: हायड्रोकोडोन १, ऑक्सिकोडोन १.५, कोडीन ०.१५. हायड्रोकोडोन ५ मिलिग्रॅम दिवसातून ४ वेळा म्हणजे २०. ऑक्सिकोडोन २० मिलिग्रॅम दोनदा म्हणजे ४० गुणिले १.५, म्हणजे ६०. हे माप धोका जोखण्यासाठी आहे. एक औषध बंद करून दुसरं सुरू करताना हाच गुणक उलटा लावून डोस काढू नये. नव्या औषधाची सवय पूर्ण नसते, म्हणून डॉक्टर काढलेला डोस मुद्दाम बराच कमी करतात.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवसाला १०० किंवा जास्त समतुल्य घेणाऱ्यांत ओव्हरडोसचा धोका १ ते २० घेणाऱ्यांच्या ८.९ पट निघाला. सीडीसीची (अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य संस्था) ५० पाशी थांबून पुन्हा विचार करण्याची सूचना अशाच अभ्यासांतून आली. सोबत अल्प्राझोलामसारखं बेन्झोडायझेपिन (चिंता-झोपेसाठीचं औषध) किंवा दारू असेल तर कमी डोसही घातक ठरतो. एफडीएने ऑगस्ट २०१६ मध्ये या जोडीवर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. झोपेत श्वास अडखळण्याचा आजार, दमा-फुप्फुसाचा जुना त्रास, मूत्रपिंड कमजोर असणं, हेही धोका वाढवतात.

मुदत तितकीच महत्त्वाची. २०१७ च्या सीडीसी अहवालात, पहिल्यांदा ओपिऑइड मिळालेल्यांपैकी वर्षभराने अजून घेत असलेले ६ टक्के होते. पहिली खेप ८ दिवस किंवा जास्त असेल तर १३.५ टक्के, ३१ दिवस किंवा जास्त असेल तर २९.९ टक्के. वर्षभर घेतो तो व्यसनीच असं नव्हे, काहींचं दुखणंच लांबलेलं असतं. पण साध्या शस्त्रक्रियेनंतर ३० गोळ्यांची बाटली घरी येणं आणि त्यातल्या २० कपाटात पडून राहणं, हा धोका विनाकारण घेतलेला असतो. गैरवापर होणाऱ्या गोळ्यांचा मोठा वाटा नातेवाईक-मित्रांच्या अशा उरलेल्या बाटल्यांतूनच येत होता. उरलेल्या गोळ्या फार्मसीच्या परत घेण्याच्या पेटीत टाकाव्यात.

---

रसशाळा

दुसरा प्रश्न मी घेतो.

ओपिऑइड मेंदूच्या खोडातल्या श्वासाच्या ताल-केंद्रावर बसतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की 'श्वास घे' अशी हाक जाते, ती हाकच दबते. वारंवार घेतल्यावर शरीराची सहनशक्ती वाढते, पण सगळीकडे सारखी नाही. नशेची आणि वेदनाशमनाची सवय लवकर होते, श्वासावरच्या परिणामाची हळू आणि अपुरी. तोच आनंद मिळवायला डोस वाढत जातो, श्वासाची सुरक्षित मर्यादा मात्र तेवढी वर सरकत नाही. दोन रेषांमधलं अंतर कमी होत जातं.

त्यात गोळी आणि पुडी यांत मोठा फरक आहे. गोळीवर ३० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल आणि ती फार्मसीतली असेल तर आत ३० च असतात. पुडीत कालच्यापेक्षा आज किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तोंडावाटे घेतलेलं औषध यकृतातून जाऊन हळूहळू चढतं. शिरेतून घेतलेलं हेरॉइन मॉर्फिनपेक्षा वेगाने मेंदूत शिरतं. २०१३ नंतर हेरॉइनमध्ये बेकायदा फेंटानिल मिसळू लागलं, ते हेरॉइनच्या सुमारे ५० पट तीव्र. मिश्रण एकसारखं नसतं; एकाच पुडीच्या दोन कोपऱ्यांत वेगळं प्रमाण असू शकतं. पुढे तर हुबेहूब ऑक्सिकोडोनसारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्या आल्या, आत फेंटानिल. फार्मसीच्या बाटलीतून न आलेली गोळी ही गोळी आहे म्हणून सुरक्षित, हा हिशोब आता लागू नाही.

आणि चढलेली सहनशक्ती टिकत नाही. काही दिवस ते दोन-तीन आठवडे खंड पडला की ती झपाट्याने उतरते. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्यांच्या अभ्यासात (२००७) सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका सर्वसाधारण लोकांच्या १२९ पट होता. रुग्णालयातून घरी आल्यावर, औषधाविना केवळ 'डिटॉक्स' करून बाहेर पडल्यावर हेच घडतं. जुना डोस आता नव्या शरीराला जड जातो.

---

अनुज्ञा

इथून मंदार यांच्या उलट्या चालीचं उरलेलं उत्तर मिळतं. चिठ्ठ्या कमी झाल्या, पण *कशा* कमी झाल्या? नव्या रुग्णाला ३० ऐवजी ६ गोळ्या देणं वेगळं आणि दहा वर्षं दिवसाला ९० समतुल्यावर असलेल्या रुग्णाला महिन्याभरात शून्यावर आणणं वेगळं. २०१६ च्या सीडीसी मार्गदर्शनात ९० समतुल्याचा उल्लेख सल्ला म्हणून होता. विमा कंपन्या, राज्यं आणि घाबरलेल्या दवाखान्यांनी तो नियम करून टाकला.

त्याचे परिणाम मोजले गेले आहेत. वर्षभर ५० किंवा जास्त समतुल्यावर स्थिर असलेल्या रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये आला. डोस उतरवल्यानंतरच्या काळात ओव्हरडोस किंवा विथड्रॉवलच्या (औषध तुटल्यावर होणाऱ्या त्रासाच्या) घटना दर १०० व्यक्ति-वर्षांमागे (जणू १०० माणसं प्रत्येकी एक वर्ष पाहिली) ९.३ होत्या, न उतरवलेल्या काळात ५.५. नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न अशा मानसिक संकटांचे आकडे ७.६ आणि ३.३. एफडीएने एप्रिल २०१९ मध्येच एकदम बंद करण्याविरुद्ध इशारा दिला होता, आणि २०२२ च्या सुधारित मार्गदर्शनातून कडक आकडे काढून टाकले गेले.

वर्षाहून अधिक काळ घेत असलेल्याचा डोस कमी करायचाच असेल तर महिन्याला १० टक्के हा वेग सोसतो, काहींना त्याहून सावकाश. मधे थांबता येतं. घाम, जांभया, जुलाब, झोप उडणं, अंगावर काटा ही लक्षणं आली की वेग जास्त झाला असं समजावं. आणि रुग्ण गोळ्या बाहेरून मिळवतोय असं दिसलं तर त्याला दवाखान्यातून काढून टाकणं ही सर्वांत वाईट कृती आहे. नेमक्या त्याच माणसाला उपचार हवा असतो.

---

चाफा

समोर कुणी असं पडलेलं दिसलं तर काय करायचं? नॅलॉक्सोन या ओपिऑइडवरच्या उताऱ्याबद्दल ऐकलंय, पण क्रम माहीत नाही.

---

औषधवाला

खुणा: हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने घासूनही जाग नाही, श्वास मिनिटाला १० हून कमी किंवा मधेच बंद, घोरल्यासारखा, गुळण्या केल्यासारखा आवाज, ओठ-नखं निळसर किंवा राखाडी, बाहुल्या टाचणीएवढ्या. मेंदूला प्राणवायू बराच वेळ कमी पडला तर बाहुल्या मोठ्याही होतात, त्यामुळे बाहुल्यांवर अडून राहू नका.

९११ ला (अमेरिकेतला आपत्कालीन क्रमांक) फोन, स्पीकरवर. नॅलॉक्सोनचा ४ मिलिग्रॅम नाकातला फवारा मार्च २०२३ पासून चिठ्ठीशिवाय विकायला मान्यता आहे. माणसाला पाठीवर घ्या, मान मागे, टोक नाकपुडीत पूर्ण आत, दट्ट्या एकदाच शेवटपर्यंत. आधी हवेत चाचणी फवारा मारून बघू नका. यंत्रात एकच डोस असतो आणि तो तिथेच वाया जातो. ही चूक फार होते.

फवाऱ्याची वाट बघत बसू नका. हनुवटी वर, नाक चिमटीत, दर ५ सेकंदांना एक श्वास. हा माणूस प्राणवायूअभावी मरत असतो, त्यामुळे श्वास देणं हाही औषधाइतकाच उपचार आहे. नाडी नसेल तर पूर्ण सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि श्वास देणं. २ ते ३ मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत. श्वास नीट चालू झाला तर पुरे. खडबडून जाग यायलाच हवी असं नाही, आणि जास्त डोस म्हणजे जास्त विथड्रॉवल. नंतर कुशीवर वळवून ठेवा.

नॅलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटं. मेथाडोन किंवा सावकाश सुटणाऱ्या गोळ्या त्याहून कितीतरी जास्त वेळ अंगात राहतात, म्हणून शुद्धीवर आलेला माणूस पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. त्याला एकटं सोडू नका. गार पाण्याखाली धरणं, उलटी करवणं, मीठ-दूध पाजणं यातलं काहीही करू नका.

हल्ली पुरवठ्यात झायलाझिन हे जनावरांचं गुंगीचं औषध मिसळलेलं असतं. ते ओपिऑइड नाही, नॅलॉक्सोन त्यावर चालत नाही. तरी नॅलॉक्सोन द्यायचंच, कारण सोबत फेंटानिल असतं. श्वास सुरू होऊनही माणूस गाढ पडून राहिला तर फवाऱ्यामागून फवारे मारू नका, श्वासाकडे लक्ष ठेवा.

---

मंदार_साथरोग

उत्तम. उपचाराचं कुणी लिहिलं नाही म्हणून विचारतो: ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोनने मृत्यू खरंच कमी होतात की एक व्यसन जाऊन दुसरं येतं? हा आक्षेप सतत ऐकू येतो.

---

अनुज्ञा

मृत्यू कमी होतात, आणि भरपूर. २०१७ च्या एकत्रित विश्लेषणात मेथाडोनवर असताना दर १,००० व्यक्ति-वर्षांमागे ११.३ मृत्यू, उपचार सुटल्यावर ३६.१. ब्युप्रेनॉर्फिनवर ४.३, सुटल्यावर ९.५. व्यसन म्हणजे नुकसान होत असूनही हातून न सुटणारा वापर. रोज ठरलेला डोस घेऊन कामावर जाणारा, मुलांना सांभाळणारा माणूस त्या व्याख्येत बसत नाही. शरीराला औषधाची गरज असणं वेगळं. ती इन्सुलिन घेणाऱ्यालाही असते.

दोन्हींत गफलती कुठे होतात ते सांगते. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ग्राहीला (ओपिऑइड जिथे जाऊन बसतं त्या जागेला) घट्ट चिकटतं पण अर्धवटच चालू करतं, म्हणून श्वासावरचा परिणाम एका पातळीनंतर फारसा वाढत नाही. पण हेरॉइन अंगात असताना घेतलं तर ते हेरॉइनला ढकलून देतं आणि एकाएकी तीव्र विथड्रॉवल उसळतं. म्हणून शेवटच्या हेरॉइननंतर साधारण १२ ते २४ तास थांबायचं, लक्षणं स्पष्ट दिसू लागली की २ ते ४ मिलिग्रॅमने सुरुवात, जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत गिळायचं नाही. रोज फेंटानिल घेणाऱ्यांत ते चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर येतं, त्यांना कधी जास्त थांबावं लागतं. काही डॉक्टर अगदी थोड्या डोसने सुरू करून चढवत नेतात. पहिल्या दिवशीचा हा त्रास 'औषध मला चालत नाही' असा समजून पुष्कळ लोक परत फिरतात. आधी नीट समजावलं तर यातले बरेच टिकतात.

मेथाडोनचं उलट आहे. सुरुवातीला थांबावं लागत नाही, पण ते शरीरात दिवसेंदिवस साचतं. आजचा डोस कमी वाटला म्हणून वर आणखी काही घेतलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी धोका येतो. पहिले चार आठवडे सर्वांत नाजूक. आणि सलग काही दिवस डोस चुकला तर परत आल्यावर जुनाच डोस मागू नये, देऊही नये. केंद्रात किती दिवस चुकले ते खरं सांगावं. डोस कमी करून पुन्हा चढवतात, आणि खरं सांगितल्याबद्दल रुग्णाला दटावणारा कर्मचारी त्याला पुढच्या वेळी खोटं बोलायला शिकवतो.